शनिवारची सफाई

ती घटना आपण विसरलो आहोत, असं निवृत्तीनंतर बरीच वर्षं मला वाटत होतं. गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या हवालदाराच्या तेरवीला गेलो, तेव्हा कळलं की विसरलो नव्हतो, फक्त तिकडे बघत नव्हतो. परत आल्यापासून रोज सकाळी एखादं पान लिहितो आहे. नाव कुणाचंच घालणार नाही, गावाचंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाच्या काठावरचं एक पोलीस ठाणं आणि त्याच्या हद्दीतलं सफारीचं एक लहानसं गेट, एवढं वाचकाला पुरे व्हावं.

मी तिथे ठाणेदार होतो. मूळचा नगरकडचा, त्यामुळे पहिलं वर्ष लोकांचं बोलणं नीट समजून घेण्यातच गेलं. त्या कामी मला सगळ्यांत जास्त मदत केली ती आमच्या मोहररने. ठाण्याचं लिखाण आणि जप्त केलेला मुद्देमाल सांभाळणारा हवालदार म्हणजे मोहरर. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, हस्ताक्षर छापल्यासारखं. संगणक ठाण्यात नवा होता तेव्हा बाकीचे त्याच्यापासून लांब बसत. या गृहस्थाने चंद्रपूरहून एक जाड पुस्तक विकत आणलं आणि पेन्सिलीने खुणा करत वाचून काढलं.

दर शनिवारी ठाण्यात शस्त्रांची सफाई होई. ती झाली की मोहरर दोन्ही संगणक रंगाच्या ब्रशने झाडायचा आणि मग त्यांचं डीफ्रॅग लावायचा. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संगणकाच्या डिस्कवर एकेका फाईलचे तुकडे जागा मिळेल तिथे पडलेले असतात. ते उचलून एका ओळीत लावण्याचा तो कार्यक्रम. चालू असताना पडद्यावर एक लांब पट्टी दिसे. विखुरलेलं लाल, नीट लागलेलं निळं, रिकामं ते पांढरं. आणि मध्येच काही हिरव्या रेघा. मोहरर स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन त्या पट्टीसमोर बसून राही.

"काय हवालदार, सिनेमा संपला का?" मी जाता-येता टोमणा मारायचो.

"इंटरव्हल झाला जी."

एकदा मी त्या हिरव्या रेघांबद्दल विचारलं.

"त्या हालत नाई साहेब. सिस्टिमच्या सोताच्या फाईली आहेत त्या. बाकी सारं इकडचं तिकडं होते, त्यायले हात लागत नाई."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

पावसाळा संपून धान भरत आलं होतं. एका सोमवारी संध्याकाळी सरपणाची मोळी घेऊन परतणारी एक बाई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मरून पडलेली सापडली. डुकरासाठी कोणीतरी विजेच्या तारेवर आकडा टाकून धुऱ्याने उघडी तार सोडली होती. त्या भागात याला करंट लावणं म्हणतात. आम्ही पोहोचेपर्यंत तार काढून नेलेली होती. आधी आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल केला.

वेळ मात्र आम्हाला चांगली बांधून मिळाली. शेजारच्या शेतातला सालगडी पाच वाजता त्याच धुऱ्यावरून घरी गेला होता. तेव्हा तिथे तार नव्हती. साडेसहाला बाई सापडली. म्हणजे तार लावली ती या दीड तासात.

शेत होतं गावातल्याच एका तरुण गाईडचं. सफारीच्या गाड्यांत पर्यटकांबरोबर बसणारा हा पोरगा त्या बाईला काकू म्हणायचा. रक्ताचं नातं नव्हतं, पण घराला घर लागून होतं. पंचनाम्याच्या वेळी तो धुऱ्यावर उकिडवा बसून होता. मी त्याचं रडणं पाहिलं आणि खरं सांगायचं तर त्यावर विश्वास ठेवला नाही. गुन्ह्यानंतर सगळ्यांत मोठ्याने रडणारा माणूस मी आधी दोनदा आत टाकलेला होता.

बुधवारी खबर आली. ती घेऊन आलेला माणूस त्याच गेटवरचा दुसरा एक गाईड, चाळिशीचा, बोलका.

"साहेब, माझं नाव कुठी येऊ देऊ नका. गावात राहाचं आहे मले. पण सोमवारी अडीच वाजता मी गेटवर जात होतो, तं तो सायकलीवर तारेचं भेंडोळं घेऊन नाल्याकडं जाताना दिसला. मी म्हटलं, कुठी जाते बे? तं बोललाच नाई."

"तुम्ही गेटवर कशाला चालला होता?"

"माझी पाळी होती नं. तीन ते साडेसहा मी जंगलातच होतो. पाहा रजिस्टर."

मी रजिस्टरबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारलं नसताना स्वतःचा ठावठिकाणा सांगणारा माणूस दोनदा तपासावा, हे मला ठाऊक होतं. पण हातात आरोपी आणि साक्षीदार दोन्ही आयते आले की अधिकाऱ्याला आपलंच शहाणपण आठवत नाही. तो बाहेर पडताना मोहररच्या टेबलाशी थांबला, दोघे कशावरून तरी हसले, मोहररने त्याला चहा पाजला. मोहररची बहीण त्याच्याच गावात दिलेली होती. हे मी पाहिलं आणि मनात ठेवलं.

तरुण गाईडला अटक केली. न्यायालयाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. त्याचं म्हणणं एकच होतं, आणि त्यात नाव होतं त्या खबर देणाऱ्याचंच.

"साहेब, मी जंगलात होतो जी. पाळी त्याची होती, पण तो म्हणे माझी तब्येत बरी नाई, तू जाय. मी गेलो."

"रजिस्टरला त्याचं नाव आहे."

"रजिस्टरले पाळीवाल्याचंच नाव राह्यते. कम्प्युटरच्या यादीत पाहा, तिथी माझं असन."

हा काय प्रकार आहे ते मी गेटवर जाऊन समजून घेतलं. गाईडांना पाळीपाळीने गाड्या मिळत. रजिस्टरमध्ये पाळीचा क्रम आधीच लिहिलेला असे. कोणी आपसात बदल केला तरी रजिस्टरात खाडाखोड करायची नाही, असा त्यांनी स्वतःच पाडलेला रिवाज होता. एकदा खोडलं की पुढचे आठ दिवस 'माझी पाळी गेली' म्हणून भांडणं होत. म्हणून रजिस्टरात पाळीवाला आणि संगणकातल्या यादीत प्रत्यक्ष जाणारा. त्या यादीची चिठ्ठी छापून चालकाला देत, आणि फेरी संपली की तो ती फेकून देई.

यादी टाईप करणारी मुलगी बी.ए. झालेली, चोख कामाची. पण तिचीही एक पद्धत होती. रोज नवी फाईल कोण करणार? ती कालचीच यादी उघडायची, नावं पुसायची, आजची भरायची आणि त्याच नावाने जतन करायची. सोमवारची यादी बुधवारच्या यादीखाली गेलेली होती. मंगळवारी गेट बंद असे.

"बाई, सोमवारी बदल झाला होता का?" मी विचारलं.

"बदल तं रोजच चार-पाच राह्यतात सर. मले वाटते झाला होता. पण शपथेवर नाई सांगू शकत. माणसाच्या जिंदगीचा प्रश्न आहे."

ज्या गाडीत तो गेला असं म्हणत होता, तिचा चालक त्या खबर देणाऱ्याचा जावई. त्याने सासऱ्याचंच नाव घेतलं. पर्यटक कोण होते, हेही त्या पुसलेल्या यादीतच. म्हणजे एका यादीवर दोन माणसं तोललेली होती. जो गाडीत होता तो सुटणार, जो नव्हता त्याला साडेपाच वाजता आपण कुठे होतो ते सांगावं लागणार.

गुरुवारी आम्ही तो संगणक पंचांसमक्ष जप्त केला. आणला आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. सील करायची लाख ठाण्यात संपली होती. मी गडबडीत होतो, वरिष्ठांचा फोन चालू होता. जाता जाता मोहररला म्हणालो, "हवालदार, जरा उघडून बघून ठेवा, ती यादी सापडते का." हे मी तोंडी बोललो. स्टेशन डायरीत त्याची नोंद नाही. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावं.

सोमवारी त्या मुलीला ठाण्यावर बोलावलं. जबाबापुरतं तिने फाईल कुठे असायची ते दाखवावं, एवढाच हेतू. तिने संगणक चालू केला आणि खुर्चीत मागे सरकली.

"सर, याले कोणी काय केलं?"

"का?"

"हा इतका फास्ट कधीच नव्हता. चालू कराचं अन् चहा पिऊन याचं, तेव्हा कुठी चित्र यायचं."

तिने दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि ती लांब पट्टी पडद्यावर आली. निळीच्या निळी. लाल जवळजवळ नाहीच. "मी कधी केलंच नाई हे," ती म्हणाली. "कराले दोन-तीन घंटे लागतात, तेवढा टाइम गेटवर कुठी आहे?"

चंद्रपूरहून संगणकाचा एक जाणकार बोलावला. त्याने यंत्रातली वेळेची नोंद काढून दाखवली. डीफ्रॅग झालं होतं शुक्रवारी दुपारी, म्हणजे जप्तीनंतर, माझ्या ठाण्यात. पुढे तो म्हणाला, "पुसलेली फाईल लगेच जात नाही सर, रिकाम्या जागेत तशीच पडून राहते. पण डीफ्रॅग केलं की दुसऱ्या फाईली त्या जागेवर येऊन बसतात. कोणाला पुरावा मारायचा असेल तर याच्यासारखा सोपा उपाय नाही. आणि वरून दिसायला सफाई."

मुद्देमालाच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असे.

त्या दिवशी मी मोहररला बोलावलं नाही. त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. तो नेहमीप्रमाणे लिहीत होता. मला तो चहा आठवला, ते हसणं, ती बहीण. इतकी वर्षं शनिवारी संगणक साफ करणारा माणूस, त्याला या सफाईचा परिणाम माहीत नसेल? संशयाची एक खोड असते. तो एकदा बसला की माणसाचे चांगले गुणही त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागतात. त्याचं वाचन आता मला तयारी वाटू लागलं.

मंगळवारी सकाळी दार लावून त्याला समोर बसवलं.

"जप्तीतल्या संगणकाला डीफ्रॅग कोणी केलं?"

"म्याच केलो जी."

इतक्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. "का?"

"बैलावाणी चालत होता साहेब. यादी शोधाले बसलो तं एक खिडकी उघडाले पाच मिनिटं. म्हटलं, आपल्या ठाण्याचा करतो तसा याचाही करून घेतो, मंग आरामात शोधता येईन. लावलो अन् जेवाले बसलो."

"पुसलेलं त्याने कायमचं जातं, हे माहीत नव्हतं?"

"पुस्तकात होतं. पण आपल्या कम्प्युटरवर कधी पुसलेलं शोधाचं काम पडलंच नाई. हात आपोआप गेला जी."

"तुमच्या बहिणीच्या गावचा तो माणूस तुम्हाला काही बोलला होता?"

आता त्याने वर पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. एखाद्या ओळखीच्या घराचं दार उघडावं आणि आत भलतीच माणसं दिसावीत, तसा तो माझ्याकडे बघत होता.

"चहा पाजलो होतो. अजून काई नाई."

मी उठायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"साहेब, हिरवं हाललं नाई."

"काय?"

"त्या हिरव्या रेघा. मी जेवून येऊन शेवटपर्यंत पाहत होतो. त्यातली सगळ्यांत मोठी रेघ म्हणजे ते मेमरी भरली का सांडलेलं जिच्यात ठेवतात ती फाईल. सोमवारी गेटवरच्या पोरीनं यादी टाईप केली तेव्हा त्यातलं काई तिथी सांडलं असन, तं ते असनच. डीफ्रॅगनं तिले हात नाई लावला. नागपूरच्या लॅबले लिहा, म्हणा हीच फाईल पाहा."

मला वाटलं, हा मला भलतीकडे पाठवतो आहे. तरीही डिस्क प्रयोगशाळेला पाठवताना पत्रात मी ती एक ओळ घातली. का घातली? कोठडीतल्या पोराची मुदत संपत आली होती आणि माझ्याकडे दुसरी ओळ नव्हती.

त्याच दुपारी मी वरिष्ठांना अहवालही पाठवला. जप्त संगणकात मोहररने परस्पर बदल केला असून 'हेतू संशयास्पद वाटतो'. परस्पर, हा शब्द माझा. उघडून बघायला मी सांगितलं होतं, हे त्यात नव्हतं. आठवड्याच्या आत मोहररची बदली सिरोंचाकडे, पार दूरच्या टोकाला झाली आणि खात्याची चौकशी लागली. किल्ल्या सोपवताना त्याने मुद्देमालाच्या यादीवर माझी सही घेतली. त्यात एका कोऱ्या कागदावर लिहिलं होतं, 'सील करायची लाख मागवावी.'

तरुण गाईड न्यायालयीन कोठडीत गेला. त्याच्या घरासमोरून लोक जाताना थुंकत, असं त्याची बायको सांगून गेली. मेलेल्या बाईचा मुलगा आणि हा, दोघे शाळेत एका बाकावर बसलेले.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला दीड महिना गेला. मोहररने सांगितलेल्या त्याच न हलणाऱ्या फाईलमध्ये त्यांना मजकुराचे तुकडे मिळाले होते. अर्धवट, मध्येच तुटलेले. पण एका तुकड्यात गाडीचा क्रमांक, सोमवारची तारीख, गाईडच्या रकान्यात त्या तरुणाचं नाव, आणि पुढे रायपूरच्या एका पर्यटकाचं नाव व फोन.

मी स्वतः फोन लावला. निवृत्त शिक्षक होते. "गाईड? नाम तो याद नहीं. लेकिन फोटो बहुत खींचे थे," म्हणाले. चार दिवसांनी फोटो आले. वाघ एकाही फोटोत नव्हता. एका फोटोत हलती झुडपं होती आणि पुढच्या सीटवर मागे वळून बोटाने 'चूप' अशी खूण करणारा आमचा आरोपी. कॅमेऱ्याची वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं.

आधी फुटला तो चालक. फोटो टेबलावर ठेवला, एवढंच. "साहेब, मामाजी म्हणे, तुले फक्त हो म्हणाचं आहे," तो सासऱ्याबद्दल म्हणाला आणि रडायला लागला. खबर देणाऱ्याच्या गोठ्यामागे, भाताच्या तणसीच्या ढिगाखाली तार सापडली. डुकरासाठी लावली होती, आपल्या धुऱ्यावर नको म्हणून दुसऱ्याच्या धुऱ्यावर. बाईला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. पण तिच्या अंगाखालची तार ओढून काढताना त्याने हाक मारली नाही, आणि दोन दिवसांनी माझ्याकडे येऊन चहा प्यायला.

तरुण गाईड सुटला. जाताना मला म्हणाला, "त्या हवालदारानं माझी यादी पुसली होती नं साहेब? किती घेतलं होतं त्यानं?" मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

चौकशीत मोहररवर निष्काळजीपणाचा ठपका आला. त्याचा जबाब मी नंतर वाचला. 'कामाच्या सोयीसाठी मी स्वतः संगणक उघडला.' माझ्या तोंडी आदेशाचा त्यात उल्लेख नव्हता. मी दुसरा अहवाल लिहायला हवा होता. लिहिला असता तर सील न केलेला मुद्देमाल कोणी उघडायला लावला, हा प्रश्न आला असता, आणि माझी बढती जवळ होती. नंतर दोन-तीनदा भेटलो. दर वेळी त्याने नमस्कार केला, तब्येत विचारली. मीही विचारली.

तेरवीला मांडवात बरेच लोक होते. कोपऱ्यात एक केस पांढरे होऊ लागलेला माणूस बसला होता. तोच, सुटलेला गाईड. कामावर कोणीतरी बातमी सांगितली म्हणून दोन बस बदलून आला होता.

"तुम्ही कसे काय?" मी विचारलं.

"पाहाले आलो साहेब. ज्यानं माझी यादी पुसली तो माणूस कसा होता ते. मनात राहून गेलतं."

मग मी त्याला सांगितलं. पुसली ती त्यानेच, चुकून. संगणक उघडायला सांगितलं ते मी. आणि कुठे शोधायचं तेही त्यानेच सांगितलं, मी त्याच्यावर संशय घेत असताना, दारात थांबून. एवढं बोलायला मला सोळा वर्षं लागली.

तो उठला, फोटोसमोर गेला, हार नव्हता आणला म्हणून ओशाळला आणि नुसतं डोकं टेकवून आला.

"तुम्ही हे त्यायले बोलले होते का कधी?" त्याने विचारलं.

"नाही."

हवालदाराची बायको शेजारीच पत्रावळी उचलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "त्यायले मालूम होतं भाऊ. ते म्हणत, साहेबानंच सांगितलं होतं उघडाले, पण गडबडीत होते, साहेबाले आठवत नसन."

मला आठवत होतं. रोज आठवत होतं असं नाही, पण जागेवरून कधी हललं नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या मुलांसमोर बोलायची वेळ आली की मी मुद्देमाल लगेच सील करावा, तोंडी आदेशाची नोंद करावी, साक्षीदाराने न विचारता दिलेलं उत्तर आधी तपासावं, असं सांगत आलो. ते सगळं खरंच आहे. पण अहवालात लिहिलेला एक शब्द माणसाच्या सेवापुस्तकात जाऊन बसतो आणि वर कितीही चांगली नोंद झाली तरी तिथून उठत नाही, हे मी कधी सांगितलं नाही.

परवा मी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला पत्र टाकलं. संगणक उघडण्याचा आदेश माझा होता, 'परस्पर' हा शब्द खोटा आणि 'हेतू संशयास्पद' हा चुकीचा, अशी त्यात तीन वाक्यं आहेत. मेलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात कोणी दुरुस्ती करतं का, मला माहीत नाही. पोच आली की ती घेऊन मी हवालदाराच्या घरी जाणार आहे. नाही आली, तरी जाणार आहे.